सगळ्यात मागचा माणूस : मित्रांसोबत रानवाटेवरचे ४२ किलोमीटर

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

एवढ्या थंडीत तुम्ही घराबाहेर पडलात, म्हणजे अर्धी मॅरेथॉन तर इथेच झाली. (हशा)

आधी एक कबुली. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षक नाही आणि चांगला धावपटू तर मुळीच नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. आम्ही सात मित्र आहोत, कुणी शिक्षक, कुणी बँकेत, एक जण शेती करतो, एकाचं मेडिकलचं दुकान आहे. वय तिशीपासून पन्नाशीपर्यंत. आम्ही ठरवलं की आपल्याच जिल्ह्यात, डांबरी रस्ता टाळून, पांदण रस्त्यांनी आणि टेकड्यांच्या कडेनं ४२ किलोमीटर धावायचं. स्पर्धा नाही, पदक नाही, टी-शर्ट नाही. त्यात एक गोष्ट फार चुकली. का चुकली, हे समजून घ्यायला मला वर्ष लागलं. ते आज सांगतो.

रस्ता आणि रानवाट

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधला. रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये सगळं मोजलेलं असतं. ठरावीक अंतरावर पाणी असतं, मागे अँब्युलन्स असते. रानवाटेवर, ज्याला आता सगळे ‘ट्रेल’ म्हणतात, त्यातलं काहीच नसतं. पुण्याकडे सिंहगड, राजगड, तोरणा असा ट्रेल धावण्याचा कार्यक्रम होतो, तिथले चढउतार ऐकूनच आपल्याला धाप लागते. आपला वर्धा जिल्हा बहुतेक सपाट. पण उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंजा भागात सातपुड्याचे फाटे येतात, सेलू तालुक्यात बोरच्या टेकड्या आहेत. तेवढं आपल्याला पुरतं.

एक सूचना आधीच देतो. बोर हा २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक, पण वाघ लहान नाहीत. (हशा) तिथे परवानगीशिवाय पायी शिरता येत नाही, आणि शिरूही नये. आम्ही जंगलाच्या हद्दीबाहेर, शिवारातूनच फिरलो, आणि उजाडल्यावरच निघालो.

आपल्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात आणि नंतरही काही दिवस पांदणीत पाऊल टाकलं की चिखल बुटाला असा चिकटतो की पायाला वजनं बांधल्यासारखं होतं. मार्चनंतर ऊन. म्हणून डिसेंबर, जानेवारी हाच काळ बरा. पण तेव्हा वाट सुकलेली असते, बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात, वर सुटा मुरूम आणि बाभळीचे काटे. पाय दर पावलाला वेगळ्या कोनात पडतो. म्हणून इथे वेग मिनिटांत मोजू नये, श्रमात मोजावा.

ते कसं मोजायचं? १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं सोपा नियम दिला. तीन मैलांना एक तास, आणि वर चढायच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आजचे ट्रेल धावणारे त्याहून सोपं गणित करतात. १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचा एक किलोमीटर जास्त. आमच्या वाटेवर एकूण चढ होता साधारण ४०० मीटर. म्हणजे ४२ अधिक ४, झाले ४६. त्यात खडबडीत वाट. रस्त्यावर साडेपाच तासांत ४२ करणाऱ्या माणसाला इथे सात-आठ तास लागणार, हे आधीच धरायला हवं. आम्ही धरलं नव्हतं. आम्ही साडेपाचच धरले होते.

पहिलं वर्ष

डिसेंबरची सकाळ, बारा-तेरा अंश तापमान. पवनारला धामच्या काठावर भेटलो. उजाडल्यावर निघालो. खिशात गोरसपाक आणि खजूर, पाठीवर पाणी, आणि मधल्या चार गावांमध्ये ओळखीच्या घरी पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या.

आमच्यातला बँकेतला मित्र सगळ्यात हळू. त्याला मी आज ‘भाऊ’ म्हणतो, आम्ही सगळे त्याला तेच म्हणतो. वय ४६. शिस्तीचा माणूस, सहा महिने एकही सराव चुकवलेला नाही. पण वेग कमी. तो मागे राहायचा. आम्ही चांगले मित्र, म्हणून दर चार-पाच किलोमीटरवर थांबायचो. धुऱ्यावर बसायचो, गप्पा मारायचो. भाऊ दिसला की टाळ्या वाजवायच्या, बाटली पुढे करायची, “अबे, पाणी पी, पाणी पी!” तो घटाघटा प्यायचा, आणि आम्ही उठायचो. “चला.”

आता जरा थांबा, आणि यातलं गणित बघा. समजा आम्ही आठ वेळा थांबलो, दर वेळी पाच मिनिटं. वेगवान माणसाला विश्रांती मिळाली चाळीस मिनिटं. भाऊला किती? शून्य. कारण तो आला की आमची विश्रांती संपायची. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याला एक मिनिट नाही. आणि आम्हाला वाटत होतं, आपण त्याच्यासाठी थांबतोय. तुम्ही कधी गटानं गड चढला असाल, तर हेच केलं असेल. सगळेच करतात.

तिसाव्या किलोमीटरनंतर भाऊ बोलेनासा झाला. मळमळतंय म्हणाला. आम्हाला वाटलं, ऊन चढलंय, पाणी कमी पडलं. अजून एक बाटली दिली. तो प्यायला. पुढे एका ठिकाणी त्यानं मला माझ्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली. तो पऱ्हाटीच्या वावरात शिरला आणि वाट इकडेच आहे म्हणू लागला. तेव्हा आमच्या मेडिकलवाल्या मित्राच्या लक्षात आलं की हा थकवा नाही. त्याच्या हाताची बोटं सुजली होती, अंगठी रुतली होती. आम्ही त्याला आळीपाळीनं धरून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. त्या सव्वा किलोमीटरला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. पुढे गाडी मिळाली, दवाखाना मिळाला.

रक्तातलं सोडियम निघालं १२७. असायला हवं १३५ ते १४५. त्याला पाणी कमी पडलं नव्हतं. पाणी जास्त झालं होतं. आणि ते आम्ही पाजलं होतं.

तो वाचला, दोन दिवसांत घरी आला. आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय, म्हणून मी एवढं मोकळेपणानं सांगतोय. (टाळ्या) पण त्या संध्याकाळी वहिनींनी मला विचारलं, “तुम्ही सहा जण होते ना भाऊजी, मंग एकालेही दिसलं नाही काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाणी जास्त कसं होतं

हा भाग फळ्यावर घेऊ. ६८ किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण ४० लिटर पाणी असतं. सोडियम दर लिटरला १४० एकक, डॉक्टर ज्याला मिलिमोल म्हणतात. म्हणजे ढोबळमानानं ५,६०० एकक.

भाऊनं सहा तासांत प्यायलेलं पाणी आम्ही नंतर बाटल्या मोजून काढलं. साडेपाच लिटर. थंडीची सकाळ, हळू वेग, त्यामुळे घाम आला असेल फार तर अडीच लिटर. म्हणजे तीन लिटर उरले. शरीरात झाले ४३ लिटर. घामातून मीठही गेलं, समजा १०० एकक. आता ५,५०० भागिले ४३. उत्तर येतं १२८. दवाखान्यातला आकडा १२७. माझ्या अकरावीच्या मुलांनाही एवढं जवळचं उत्तर येत नाही. (हशा)

तुम्ही म्हणाल, जास्तीचं पाणी लघवीवाटे जायला हवं. एरवी जातं. निरोगी माणसाची किडनी तासाला पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकते. पण तासन्‌तास चाललेले श्रम, मळमळ, ताण, अशा वेळी मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं, आणि ते किडनीला सांगतं, पाणी सोडू नको. दुष्काळात ही सोय प्राण वाचवते. इथे तीच उलटते. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं, पेशी फुगतात. बोटाची पेशी फुगली तर अंगठी घट्ट होते. मेंदूची फुगली तर कवटीत जागा नसते. म्हणून आधी मळमळ, मग डोकेदुखी, मग भ्रम, आणि तरी कळलं नाही तर झटके.

हे विरळ आहे असं वाटत असेल तर सांगतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. कुणाचं? धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांचं, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले त्यांचं. म्हणजे पुढच्यांचं नाही, मागच्यांचं. पुढे पळणाऱ्याला प्यायला वेळच नसतो. मागच्याला वेळ असतो, आणि प्रत्येक जण त्याला बाटली देतो.

“मग इलेक्ट्रॉल घ्यावं,” असं कुणीतरी म्हणेल. घ्यावं, पण त्याचंही गणित बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ एकक सोडियम असतं. रक्तात १४०. म्हणजे ते साध्या पाण्यापेक्षा बरं, पण भरमसाट प्यायलं तर रक्त पातळच करणार. नियम एकच, तहान लागेल तेवढं प्या. वेळापत्रक लावून पिऊ नका, आणि मित्र म्हणतो म्हणून पिऊ नका.

आता याची उलट बाजू, नाहीतर तुम्ही घरी जाऊन पाणी बंद कराल. आपल्याकडे उष्माघात हा जास्त ओळखीचा शत्रू आहे. घाम सुकताना उष्णता घेऊन जातो, एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण ५८० किलोकॅलरी. हवा दमट असेल तर घाम सुकत नाही, नुसता गळतो, आणि अंग तापत जातं. उष्माघातातही माणूस भरकटतो. फरक काय? त्याचं अंग भाजतं, ताप ४० अंशांच्या वर जातो. तिथे आधी सावली, अंगावर गार पाणी, वारा, आणि मग दवाखाना. पण दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे. भरकटलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं की हा इतके तास धावत होता, इतकं पाणी प्यायला, सोडियम तपासा. पुढचं त्यांना कळतं. भाऊला साधं सलाईन नाही, ३ टक्के मिठाचं घट्ट सलाईन अगदी थोडं दिलं होतं. ते काम आपलं नाही.

सहा जणांना का दिसलं नाही

वहिनींच्या प्रश्नाकडे परत येतो. शरीराचं गणित सुटलं, माणसांचं राहिलं.

१९२० च्या दशकात ओटो कोहलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या खेळाडूंना वजन उचलायला लावलं. आधी एकेकट्यानं, मग एकच वजन दोघा-तिघांनी मिळून, असं की एकानं सोडलं तर सगळ्यांचं थांबेल. दिसलं असं की गटात कमजोर खेळाडू एकट्यापेक्षा जास्त वेळ तग धरतो. आपल्यामुळे दुसऱ्याचं थांबू नये म्हणून. याला कोहलर परिणाम म्हणतात.

सरावात हे वरदान आहे. भाऊ सहा महिने पहाटे उठला तो याच्याच जोरावर. पण रानवाटेवर याचाच अर्थ असा होतो की गटातला सगळ्यात कमजोर माणूस सगळ्यात शेवटी तक्रार करतो. मी भाऊला नंतर विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, “तुम्ही दर वेळी माझ्यासाठी थांबून राहायचे. अजून किती थांबवू?” आमचं थांबणंच त्याच्या तोंडाला कुलूप लावत होतं.

आणि आम्ही विचारत काय होतो? “ठीक आहे ना?” या प्रश्नाला मराठीत एकच उत्तर आहे, “हो.” तापानं फणफणलेला माणूसही “हो” म्हणतो.

रानात याची किंमत मोठी असते, कारण मदत लांब असते. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ ला १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, पाऊस आणि वारा आला, आणि २१ धावपटू थंडीनं गेले. त्यात नावाजलेले लोक होते. काही जण वाचले ते एका मेंढपाळानं त्यांना गुहेत नेऊन शेकोटी केली म्हणून. आपल्याकडे थंडी तेवढी नाही, पण तत्त्व तेच. रानात तुमच्याजवळ जो माणूस आहे, तोच तुमचा दवाखाना.

दुसरं वर्ष

पुढच्या वर्षी भाऊच म्हणाला, परत जाऊ. वहिनींना विचारायची माझी हिंमत नव्हती, त्यानंच विचारलं. त्या म्हणाल्या, “जा, पण सर, यावेळेस लक्ष ठेवजा.” मग आम्ही नियम केले. चार आहेत, लिहून घ्या.

पहिला. घड्याळ शेवटच्या माणसापासून सुरू. शेवटचा येऊन बसला की मग पाच मिनिटं मोजायची. पुढचे आधी आले असतील तर तो त्यांचा बोनस.

दुसरा. चढावर सगळ्यात हळू माणूस पुढे. वेग तो ठरवेल. पाठीमागून “चल चल” म्हणायचं नाही. गंमत म्हणजे यानं एकूण वेळ फारसा वाढत नाही, कारण उगाच पुढे पळून थांबून राहण्यात काहीच मिळत नव्हतं.

तिसरा. जोड्या. आम्ही सात, म्हणून दोन जोड्या आणि एक तिकडी. जोडीदारानं “ठीक आहे ना” विचारायचं नाही. ज्याचं उत्तर “हो”मध्ये देता येत नाही, असं विचारायचं. लघवीला शेवटचा कधी गेलास? आत्तापर्यंत किती बाटल्या झाल्या? अंगठी फिरवून दाखव. मागच्या गावात चहा कुणी दिला? उत्तर चुकलं किंवा अडखळलं तर बसायचं.

चौथा, आणि हाच अवघड. परत फिरायचं कधी, हे आदल्या रात्री ठरवायचं. तीसच्या खुणेला अमुक वाजेपर्यंत पोचलो नाही तर परत. एकाला थांबावं लागलं तर त्याचा जोडीदारही थांबेल, चर्चा नाही. हे रानात ठरवता येत नाही, कारण तिथे सगळ्यांच्या डोक्यात ४२ हा आकडा बसलेला असतो.

आपल्या वर्ध्याला हे नवीन असायचं कारण नाही. मार्च १९५१ मध्ये विनोबा इथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. वय ५५, तब्येत नाजूक. पुढे एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि ते चालणं सुमारे १३ वर्षं चाललं. ते रेकॉर्ड करायला निघाले नव्हते. पहाटे निघायचं, आजचा मुक्काम गाठायचा, उद्या परत निघायचं. पाय टिकतात ते असेच.

तर दुसऱ्या वर्षी काय झालं? भाऊ पुढे, आम्ही मागे. निवांत चाललो होतो. २९ व्या किलोमीटरला आमच्यातला सगळ्यात तरुण, सगळ्यात वेगवान गडी चाकोरीत पाय जाऊन मुरगळला. चालता येत होतं, धावता येत नव्हतं. त्याचा जोडीदार कोण? मी. (हशा) तो म्हणाला, सर, तुम्ही जा, मी येतो हळूहळू. मला फार जावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मी गप्प उभा होतो. पण नियम आदल्या रात्रीचा होता. आम्ही दोघं वळलो, एका वाडीपाशी दुचाकी मिळाली.

बाकीचे पाच जण ७ तास ५० मिनिटांत पवनारला परतले. सगळ्यात पुढे भाऊ. मी आणि माझा लंगडा जोडीदार नदीकाठी तर्री पोहे घेऊन उभे होतो. त्याच्या अंगठीकडे मी आधी बघितलं, मग चेहऱ्याकडे. सैल होती.

म्हणजे तुम्हाला ४२ किलोमीटरवर व्याख्यान देणाऱ्या माणसानं ते आजवर पूर्ण केलेलं नाही. येत्या जानेवारीत बघू.

प्रश्नोत्तर

प्रश्न : आमचा चौघांचा गट आहे, पण एकाला वेग हवा असतो. तो कंटाळतो. काय करावं?

उत्तर : त्याला जाऊ द्या, पण आधी सांगून, आणि जोडीनं. वेगळं धावण्यात काही गैर नाही. गैर हे आहे की एकत्र धावतोय असं म्हणायचं आणि मागच्याला एकटं सोडायचं. गट म्हणून गेलात तर गटाचा वेग एकच, तो मागच्याचा. तो मान्य नसेल तर दोन गट करा आणि संध्याकाळी पोह्यांना एकत्र या.

प्रश्न : पहिल्यांदा करणाऱ्यानं सुरुवात किती अंतरानं करावी?

उत्तर : आपल्या गावाच्या पांदणीनं, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. बोलता बोलता धावता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की चाला. दहा किलोमीटर आरामात झालं की मग पुढचं. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. आणि एकटे सुरू करू नका. एक जोडीदार शोधा, जो तुम्हाला “ठीक आहे ना” विचारणार नाही.